निळा की गुलाबी: हायड्रेंजियाच्या रंगामागचे ॲल्युमिनियम

एकाच हायड्रेंजियाची दोन छाट कलमे मी एकाच सकाळी लावली होती. दोन्हींना एकाच वाळूत मुळे फुटली, दोन्ही एकाच आठवड्यात जमिनीत गेली आणि दोन्हींच्या बुंध्याशी मी जातीचे नाव व तारीख लिहिलेल्या पट्ट्या खोचल्या. तिसऱ्या वर्षी झाडाखालच्या कलमाला स्वच्छ निळे गुच्छ आले आणि सिमेंटच्या भिंतीलगत लावलेल्या कलमाला फिकट गुलाबी. माझा पहिला संशय अर्थातच पट्ट्यांवर गेला. कलमे करताना माझा कुठेतरी घोटाळा झाला असावा, असे मानून मी मूळ झुडूप पुन्हा तपासले, पाने ताडून पाहिली आणि शेवटी मान्य केले की झाडे एकच आहेत, वेगळी आहे ती त्यांच्या पायाखालची माती. हायड्रेंजियाचा रंग मातीवर अवलंबून असतो हे मी वाचले होते, पण वाचलेली गोष्ट स्वतःच्या वाफ्यात समोरासमोर उभी राहिली की तिच्याकडे नव्याने पाहावे लागते.

या विषयावर सर्वत्र सांगितला जाणारा नियम एका ओळीचा आहे: आम्लधर्मी मातीत फूल निळे, अल्कधर्मी मातीत गुलाबी. नियम खोटा नाही, परंतु तो अर्धाच आहे, आणि त्या अर्ध्या नियमावर भरवसा ठेवून मी एक अख्खा हंगाम वाया घालवला, त्याची हकीकत पुढे येईलच. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यांनी लिटमस हाताळला आहे, त्यांना हा नियम ऐकताच खटकायला हवे. लिटमस आम्लात लाल होतो आणि अल्कात निळा. हायड्रेंजियाचा क्रम नेमका उलटा दिसतो, म्हणजे हे फूल मातीचा लिटमस आहे ही लोकप्रिय उपमा पहिल्याच पायरीवर घसरते. उलटेपणाचे कारण एकदा समजले की बाकी सगळे कोडे आपोआप सुटत जाते.

प्रथम रंग नेमका कुठे असतो ते पाहू. गुच्छात ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या वस्तुतः पाकळ्या नसून निदले आहेत, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी हिरवी पाने येथे मोठी आणि रंगीत झालेली असतात. खरी पाकळी इतकी बारीक असते की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. ज्या जातींमध्ये चपट्या गुच्छाच्या मध्यभागी मण्यांसारखी बारीक फुले आणि कडेने मोठ्या निदलांची कंकणाकृती रांग असते, त्यांत हा फरक सहज दिसतो. निदलाचा रंग सर्वांत वरच्या पेशीथरात नसून त्याच्या लगेच खालच्या थरात असतो, आणि तेथेही तो पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे पेशीरसाने भरलेल्या पिशवीत, विरघळलेला असतो. हे रंगद्रव्य अँथोसायनिन गटातील, डेल्फिनिडिनवर आधारलेले आहे, आणि निळ्या फुलात व गुलाबी फुलात ते एकच असते. माझ्या दोन कलमांनी रंगद्रव्य वेगळे बनवलेले नव्हते. एकाच्या रंगद्रव्याला सोबत मिळाली होती, दुसऱ्याच्या नव्हती.

ती सोबत ॲल्युमिनियमची. आर. सी. ॲलन यांनी 1943 मध्ये हायड्रेंजियाच्या रंगावरील ॲल्युमिनियमच्या प्रभावाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढच्या काळात जपानमधील नागोया विद्यापीठातील कुमी योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीच्या पातळीवर जाऊन त्याची यंत्रणा उलगडली. डेल्फिनिडिनच्या रेणूला ॲल्युमिनियमचा आयन पकडतो, आणि त्या जोडीला पेशीतीलच काही रंगहीन पदार्थ, क्विनिक आम्लाची संयुगे, आधार देतात. या तिघांचे एकत्र संयुग निळे दिसते. या रंगहीन पदार्थांना सहरंजक म्हणतात, कारण स्वतःला रंग नसला तरी रंग टिकवण्याचे काम ते करतात. ॲल्युमिनियम नसेल तर तेच डेल्फिनिडिन पेशीरसातील आम्लतेत लालसर किंवा गुलाबी राहते. योशिदा यांच्या गटाने अतिसूक्ष्म इलेक्ट्रोडने रिक्तिकेतील सामू (pH; आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त) मोजला तेव्हा निळ्या पेशीत तो सुमारे 4.1 आणि लाल पेशीत सुमारे 3.3 आढळला. म्हणजे पेशीच्या आत पाहिले तर जास्त आंबट तीच लाल असते, अगदी लिटमसला साजेशी. उलटेपणा पेशीत नाहीच. तो पेशी आणि माती यांच्यामध्ये कुठेतरी आहे, कारण फूल मातीचा सामू चाखत नसून मातीतून आलेले ॲल्युमिनियम चाखत असते.

आता मातीकडे वळू. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्यानंतर सर्वाधिक प्रमाणात असणारे मूलद्रव्य ॲल्युमिनियम आहे. वजनाने ते सुमारे 8 टक्के भरते. चिकणमातीचा कण म्हणजेच मुख्यतः ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची थरांची रचना. तेव्हा बागेच्या साध्या मातीत ॲल्युमिनियम नाही असे जवळजवळ होतच नाही. प्रश्न ते मुळांना मिळण्याजोगे आहे की नाही एवढाच असतो, आणि तो सामू ठरवतो. सामू 5.5 च्या खाली उतरला की ॲल्युमिनियम पाण्यात विरघळू लागते आणि मुळे ते पाण्याबरोबर ओढतात. सामू 6.5 च्या आसपास गेला की ते हायड्रॉक्साइडच्या रूपात मातीतच अडकून पडते. या दोहोंच्या मध्ये जांभळ्या, मळकट गुलाबी, निळसर अशा अनिश्चित छटांचा पट्टा असतो. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीने चालते, त्यामुळे 6.5 वरून 5.5 वर येणे हे कागदावर एका अंकाचे अंतर दिसले तरी प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट झालेले असते. मातीचा सामू दारावर बसलेल्या राखणदारासारखा आहे. आत कोणाला सोडायचे ते तो ठरवतो, पण आत येणारा तो स्वतः नव्हे.

माझा वाया गेलेला हंगाम याच फरकाने घडवला. त्याच झुडपाचे तिसरे कलम मी एका मोठ्या कुंडीत, जवळजवळ निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (खडकाचे फुलवलेले हलके दाणे) यांच्या मिश्रणात लावले होते. भिंतीलगतचे गुलाबी झाड पाहून या कलमाला निळे करायचेच, असे मी ठरवले आणि मिश्रणात गंधक मिसळले. गंधक स्वतः आम्ल नसते. मातीतील जीवाणू त्याचे हळूहळू सल्फ्युरिक आम्ल करतात आणि थंडीत हे काम आणखी मंदावते. काही महिने थांबून मी एक भाग मिश्रण आणि अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी ढवळून, अर्धा तास ठेवून सामू मोजला, तर तो 5 च्या थोडा वर होता. हवा तसा. त्यानंतर फुले आली ती मात्र गुलाबीच, फार तर त्यात राखेची झाक म्हणावी इतकीच. सामू मोजण्यात चूक झाली असेल म्हणून मी तीनदा मोजला. चूक मोजण्यात नव्हती. कोकोपीटमध्ये चिकणमातीच नाही, तेव्हा विरघळायला ॲल्युमिनियम आणायचे कुठून? मी राखणदाराला दार सताड उघडायला लावले होते आणि बाहेर कोणी उभेच नव्हते. कुंडीतल्या हायड्रेंजियाबद्दल जेवढ्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याचशांचे मूळ मला येथे दिसते: माती नसलेल्या मिश्रणात केवळ आम्लता वाढवून निळा रंग येत नाही, ॲल्युमिनियम वरून द्यावे लागते.

ते देण्याचा रूढ मार्ग म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. हा पदार्थ दोन्ही कामे करतो: ॲल्युमिनियम पुरवतो आणि सामूही खाली आणतो. साधारणपणे 4 लिटर पाण्यात 15 ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा, हे प्रमाण सांगितले जाते, आणि ते ओलांडू नये असे मी आग्रहाने म्हणेन. आधी साध्या पाण्याने माती पूर्ण भिजवावी, मग हे द्रावण घालावे; कोरड्या मातीत घातले तर मुळे भाजतात आणि पानांच्या कडा करपतात. नुकत्याच लावलेल्या कोवळ्या झाडाला हा प्रयोग करू नये. घरातली तुरटी चालेल का, असा प्रश्न हमखास येतो. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचे एकत्रित सल्फेट, त्यामुळे ती चालते. फक्त तिच्यात वजनाच्या सुमारे 5.7 टक्के ॲल्युमिनियम असते, तर स्फटिकजल असलेल्या ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये सुमारे 8 टक्के. तुरटीतले पालाश (पोटॅशियम) येथे अडचण ठरत नाही, उलट निळ्या रंगासाठी पालाश जास्त आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेलेच खत सुचवले जाते.

स्फुरदाचा मुद्दा माझ्या मते सामूइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा त्याच्या निम्मीही होत नाही. फॉस्फेट आणि ॲल्युमिनियम मातीत एकमेकांना घट्ट धरतात आणि न विरघळणारे संयुग बनवतात. सामू अगदी योग्य असला, ॲल्युमिनियमही भरपूर असले, तरी हाडांचा चुरा किंवा सुपर फॉस्फेट मुक्त हाताने घातले की ॲल्युमिनियम मुळांपर्यंत पोचण्याआधीच अडकते. ‘भरपूर फुलांसाठी’ म्हणून विकली जाणारी खते बहुधा स्फुरदप्रधान असतात. निळ्या फुलांच्या आशेने ती घालणारा माणूस प्रत्यक्षात गुलाबी फुलांची तजवीज करत असतो. भिंतीलगतच्या कलमाच्या खड्ड्यात मी दोन मुठी हाडांचा चुरा मोठ्या प्रेमाने घातला होता हे मला फार उशिरा आठवले. त्यात भर म्हणून सिमेंटच्या गिलाव्यातून पावसाबरोबर झिरपणारा चुना, आणि नळाच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट, जे प्रत्येक शिंपणीबरोबर सामू थोडा थोडा वर ढकलत राहते. झाडाखालच्या कलमाला यांपैकी काहीच मिळाले नव्हते. त्याच्यावर पावसाचे पाणी पडत होते आणि बुंध्याशी पालापाचोळा कुजत होता. दोन्ही झाडांमध्ये अंतर जेमतेम वीस पावलांचे आहे.

घरगुती उपायांविषयी थोडक्यात सांगतो. गंजलेले खिळे पुरण्याची युक्ती जुनी आहे, पण निळा रंग लोखंडामुळे येत नाही, त्यामुळे खिळ्यांनी फार तर माती गंजते. वापरून झालेली कॉफीची भुकटी बहुतेक वेळा उदासीन सामूच्या जवळच असते. तिने मातीत सेंद्रिय द्रव्य वाढते, रंग बदलत नाही. व्हिनेगरने सामू काही दिवस खाली येतो आणि पुन्हा पूर्वपदावर जातो. फेरस सल्फेट माती खरोखर आम्लधर्मी करते आणि गंधकापेक्षा लवकर करते, पण ते ॲल्युमिनियम देत नाही, म्हणून चिकणमाती असलेल्या वाफ्यात ते उपयोगी पडेल आणि कोकोपीटच्या कुंडीत माझ्या गंधकाच्याच वाटेने जाईल.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे निळ्याचे गुलाबी करणे, ऐकायला सोपे आणि करायला चिवट असते. चुनखडीची किंवा डोलोमाइटची भुकटी घालून सामू चढवता येतो, परंतु 6.4 च्या पलीकडे गेले की हायड्रेंजियाला लोह मिळेनासे होते, कोवळी पाने पिवळी पडतात आणि फक्त शिरा हिरव्या राहतात. त्यामुळे सामू 6 ते 6.2 च्या आसपास थांबवून उरलेले काम स्फुरदावर सोपवणे शहाणपणाचे. शिवाय झाडाने आजवर घेतलेले ॲल्युमिनियम त्याच्या पानांत आणि फांद्यांत साठलेले असते. बहुतेक वनस्पतींच्या मुळांची टोके विरघळलेल्या ॲल्युमिनियमने खुंटतात. हायड्रेंजिया मात्र ते सायट्रेटशी बांधून निरुपद्रवी करते आणि रिक्तिकेत कोंडून ठेवते. चहाचे झुडूपही असेच ॲल्युमिनियम साठवणारे आहे. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी हायड्रेंजियात ॲल्युमिनियम रिक्तिकेत नेणाऱ्या प्रथिनाची ओळख पटवली. आपल्याला जो निळा रंग शोभा म्हणून दिसतो, तो झाडाच्या दृष्टीने एका घातक धातूची नीट लावलेली व्यवस्था आहे.

हे सर्व करूनही प्रत्येक जात ऐकत नाही. पांढऱ्या जातींमध्ये अँथोसायनिनच नसते, त्यामुळे तुरटी ओतून त्या निळ्या होत नाहीत. शंकूच्या आकाराचे तुरे असणारी पॅनिक्युलाटा ही वेगळी प्रजाती पांढरी उमलते आणि वयाबरोबर गुलाबी होते, पण त्याचा मातीशी संबंध नाही. रंग बदलतो तो मुख्यतः मॅक्रोफिला आणि तिची जवळची नातलग सेराटा या प्रजातींमध्ये. त्यांतही ‘निक्को ब्लू’सारख्या जाती निळ्याकडे सहज झुकतात, तर गडद लाल जाती फार तर जांभळ्यापर्यंत येतात, कारण सहरंजकांचे प्रमाण आणि रंगद्रव्याचे प्रमाण हे आनुवंशिक असते. माती छटा ठरवते, गडदपणा ठरवत नाही. एका रोपवाटिकेतून मी ‘निळे’ म्हणून आणलेले रोप पुढच्याच वर्षी गुलाबी झाले तेव्हा मी विक्रेत्याला मनातल्या मनात बरेच बोललो होतो. त्याने फसवले नव्हते. ते रोप त्याच्याकडे ॲल्युमिनियम घातलेल्या मिश्रणात वाढले होते आणि माझ्याकडे आल्यावर तो पुरवठा थांबला, इतकेच.

युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञही या झुडपाने पुरेसे गोंधळात टाकले. कार्ल पीटर थुनबर्ग यांनी 1784 मध्ये त्याचे वर्णन केले ते चक्क व्हायबर्नम या दुसऱ्याच प्रजातीसमूहाच्या नावाखाली. जपानमध्ये नोकरी केलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ड यांनी एका जपानी हायड्रेंजियाला ‘ओटाक्सा’ हे नाव दिले, ते त्यांची सहचारिणी ओ-ताकी हिच्यावरून. जपानी भाषेत या फुलाला अजिसाई म्हणतात, आणि त्याचे एक जुने टोपणनाव शिचिहेन्गे, म्हणजे सात रूपे पालटणारे, असे आहे. जपानची माती बव्हंशी ज्वालामुखीजन्य, पाऊस भरपूर, म्हणून माती आम्लधर्मी आणि अजिसाई बहुधा निळे; तेच झुडूप युरोपातील चुनखडीच्या जमिनीत गेले की गुलाबी.

घाई करणाऱ्याला या झाडाकडून काही मिळत नाही. मॅक्रोफिलाच्या बहुतेक जातींच्या कळ्या आदल्या वर्षी उन्हाळा सरता सरता जुन्या फांद्यांच्या टोकांत तयार होतात, म्हणून हिवाळ्यात केलेली कडक छाटणी म्हणजे पुढच्या वर्षीचे गुच्छ कापून टाकणे. रंगाचे उपाय कळ्या रंग धरण्यापूर्वी, झाड जागे होताना सुरू करावे लागतात. उमललेल्या गुच्छावर द्रावण ओतून त्याच आठवड्यात निळे पाहण्याची अपेक्षा करू नये. पूर्ण फरक दिसायला एक, कधी दोन हंगाम जातात. मधल्या काळात एकाच झाडावर एक गुच्छ निळा आणि दुसरा गुलाबी असेही दिसते. मला हा मधला काळच सर्वांत आवडतो. जांभळ्या निदलाच्या पेशी सुट्या करून पाहिल्या तर त्यांत निळ्या, जांभळ्या, लाल अशा निरनिराळ्या पेशींची सरमिसळ आढळते, प्रत्येक पेशीचा सामू, तिचे ॲल्युमिनियम आणि सहरंजक यांचा हिशेब वेगळा. शुद्ध निळ्याच्या मागे लागलेले लोक या जांभळ्याला अपयश मानतात, ते मला पटत नाही.

कुंडीतल्या तिसऱ्या कलमाचे मिश्रण मी आता बदलले आहे. त्यात एक तृतीयांश बागेची चिकणमाती आहे, आणि वसंतात पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा तुरटीचे पाणी दिले. यंदाचे गुच्छ कडेने निळे आणि मध्याशी जांभळे निघाले. भिंतीलगतच्या झाडाला मी हात लावलेला नाही. ते गुलाबीच राहू दे. हंगाम संपत आला की मात्र सर्वांचेच गुच्छ जुने होताना हिरवट पडतात, निदले कागदासारखी होतात आणि उन्हाच्या बाजूला तपकिरी-लाल झाक चढते. तशा अवस्थेत दोन्ही झाडांचे काही गुच्छ मी कापून, पाने काढून एकाच दोरीला उलटे टांगले आहेत. कोणता भिंतीलगतचा आणि कोणता झाडाखालचा हे सांगण्यासाठी मला देठाला बांधलेली पट्टी वाचावी लागते, आणि या वेळी पट्ट्या मी दोनदा तपासून बांधल्या आहेत.